काजवे आणि सांदण एकाच सहलीत नको

मे उजाडला की जाहिराती सुरू होतात. शनिवारी रात्री काजवे, रविवारी सांदण दरी, तंबू-जेवणासकट. मंडळी, यातला रविवार सरळ कापा.

भंडारदऱ्याच्या रानात काजवे मेअखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत चमकतात. हवेत दमटपणा आला, एक-दोन वळीव झाले की झाडं लखलखायला लागतात. म्हणजे काजव्यांचा भर आणि वळवाचा भर एकाच पंधरवड्यात येतो. आणि दरीत उतरण्यासाठी याहून वाईट पंधरवडा नाही.

सांदण ही बेसॉल्टला गेलेली उभी भेग, पाण्याने कोरून रुंद केलेली. दोन्ही बाजूंना 200 ते 400 फुटांच्या भिंती, काही ठिकाणी हात पसरले की दोन्हीकडे कातळ लागावा इतकी अरुंद. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावच्या पठारावर पडलेलं पाणी याच फटीतून कोकणाकडे उतरतं. कातळावर मातीचा थर पातळ असल्यामुळे पाणी मुरत नाही, लगेच धावतं. आत उभ्या माणसाला आभाळाची एक पट्टी दिसते. रतनगडाच्या अंगाला ढग फुटला तरी त्याला पत्ता लागत नाही, त्याच्या डोक्यावर कदाचित ऊनच असतं. साचलेलं पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहत आला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान सोडा आणि जवळच्या उंच, घट्ट कातळावर चढा. प्रवाहाच्या दिशेने खाली पळू नका. पाणी माणसापेक्षा जोरात येतं आणि पुढे सुटायला जागाच नसते.

खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. घोटीवरून शेंडी, तिथून साम्रद. गावातून दरीचं तोंड पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. आत पाण्याचे दोन टप्पे लागतात. पहिल्यात पाणी गुडघा ते कंबर, दुसऱ्यात हिवाळ्यात छातीपर्यंतही असतं. तळाला ऊन जेमतेम दुपारी पोचतं, त्यामुळे पाणी बर्फगार आणि ओले बूट दिवसभर ओलेच. बूट काढून अनवाणी जाऊ नका, पाण्याखालचे धोंडे सुट्टे आणि शेवाळलेले असतात. पाय मुरगळतो तो इथेच. मोबाईल-पाकीट जलरोधक पिशवीत घालून डोक्याच्या वर धरा.

बहुतेकांनी दुसऱ्या टप्प्यानंतर धोंड्यांतून थोडं पुढे जाऊन मागे फिरावं. दरीचं सौंदर्य तिथवर पुरेपूर पाहून होतं, यात कमीपणा काही नाही. पुढे दोराने उतरायचे कडे सुरू होतात. पहिला कडा उतरून दोर ओढून घेतला की परतीचा रस्ता संपला. मग खाली कोकणातल्या डेहणे गावी बाहेर पडा किंवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढा, दोन्हीत तासन्‌तास जातात. म्हणून नेणाऱ्याला आधीच विचारा: मुख्य दोराखेरीज सुरक्षेचा वेगळा दोर आहे का? हेल्मेट प्रत्येकाला की आळीपाळीने? एका तुकडीत किती माणसं? चाळीस जण असतील तर कड्यावर खोळंबा ठरलेला, आणि मग अंधारात धोंडे तुडवत उतरावं लागतं.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, 1986 पासून. शेकरू इथलाच. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, तेव्हा अत्तर, सिगारेट, शेकोटी आणि स्पीकर दरीबाहेरच. मोहोळ उठलं तर त्या फटीत पळणार कुठे?

काजवे पाहायचेच असतील तर त्यासाठी वेगळे या. गाडीचे दिवे बंद, हातात विजेरी नको. नर उजेड पाडून मादीला खुणावतो. आपल्या झोतात ती खूण हरवते आणि त्या रात्रीची जुळणी चुकते. मादी अंडी जमिनीवरच्या ओलाव्यात घालते, म्हणून झाडाखाली गाडी लावणं, तंबू ठोकणं हे पुढच्या वर्षीचे काजवे चिरडणंच झालं. वाटेवर उभं राहूनही छान दिसतात.

जेवण साम्रदच्या घरांत सांगून ठेवा, पिठलं-भाकरी मिळते. वाटाड्याही गावातलाच घ्या. आणि तो आभाळाकडे बघून 'आज नको' म्हणाला, तर पैशांवरून हुज्जत घालू नका.