डॉ. मुक्वेगे यांनी गप्प बसायला हवं होतं का?

नमस्कार.

काँगोत युद्धातल्या बलात्कारपीडित बायकांवर उपचार करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. डेनिस मुक्वेगे यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबच देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: डॉक्टरने डॉक्टरकी करावी, मानवी हक्कांच्या लढाईत पडू नये, एकदा बाजू घेतली की दवाखान्यावर संकट येतं आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात, आणि 2018 च्या शांततेच्या नोबेलनंतर ते 2023 मध्ये काँगोच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले, म्हणजे मुळात हे सगळं राजकारणच.

यातला दवाखान्यावरच्या संकटाचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. रेडक्रॉस जाहीर आरोप करणं शक्यतो टाळते ते याच कारणाने, आणि म्हणूनच तिला तुरुंगांची दारं उघडतात. हे मलाही मान्य आहे. पण पूर्व काँगोत काय झालं ते बघा. 6 ऑक्टोबर 1996 रोजी लेमेराच्या रुग्णालयावर हल्ला झाला. मुक्वेगे तेव्हा तिथे डॉक्टर होते. भाषणं नाहीत, पुरस्कार नाहीत. बाळंतपणं आणि शस्त्रक्रिया, एवढंच काम. तरी खाटेवरचे रुग्ण आणि कर्मचारी मारले गेले. ते स्वतः त्या वेळी रुग्णालयात नव्हते म्हणून वाचले. गप्प राहिलं की दवाखाना सुरक्षित राहतो, हा हिशेब तिथे चाललाच नाही.

आणि डॉक्टरकी त्यांनी सोडली कुठे? पूर्व काँगोतल्या बुकावू शहरातलं त्यांचं पांझी रुग्णालय 1999 मध्ये सुरू झालं ते बाळंतिणींसाठी. पण पहिली रुग्ण आली ती बलात्कार करून गोळी घातलेली बाई. त्यानंतर अशा बायकांचा ओघ थांबलाच नाही. कित्येकींच्या मूत्राशय आणि योनिमार्गामधल्या पडद्याला भोक पडलेलं असतं. लघवी सतत ठिबकत राहते, वासामुळे घरचेही जवळ करत नाहीत. ते भोक शिवणं हे अतिशय नाजूक काम, आणि त्यात मुक्वेगे यांचा हात जगात नावाजलेला आहे. जिच्यावर एकदा उपचार केले तिचीच मुलगी काही वर्षांनी त्याच अवस्थेत समोर येते, तेव्हा डॉक्टरने पुन्हा फक्त सुई-दोराच हातात घ्यायचा?

कावुमूचं उदाहरण देते. बुकावूजवळचं हे गाव. 2013 ते 2016 या काळात तिथे रात्री घरात शिरून झोपलेल्या लहान मुलींना उचलून नेलं जायचं. काही तर वर्ष-दीड वर्षाच्या. त्यांच्या रक्ताने आपल्याला गोळी लागत नाही, अशी त्या टोळीची समजूत होती. या मुलींवर पांझीत उपचार झाले आणि प्रत्येक जखमेची नीट नोंदही झाली. पुढे वैद्यकीय पुरावा लष्करी न्यायालयासमोर आला आणि डिसेंबर 2017 मध्ये 11 जणांना शिक्षा झाली. टोळीचा म्होरक्या प्रांतिक विधानसभेचा सदस्य होता. 2016 मध्ये अटका झाल्यावर हे सत्र जवळजवळ थांबलं. पुढच्या मुली वाचवल्या त्या या अटकांनी. याला तुम्ही डॉक्टरकीबाहेरचं काम म्हणाल? मी नाही म्हणणार.

बोलण्याची किंमत मोजावी लागते, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. सप्टेंबर 2012 मध्ये ते संयुक्त राष्ट्रांत बोलले आणि 25 ऑक्टोबरला त्यांच्या घरात बंदूकधारी शिरले. त्यांचा सुरक्षारक्षक मारला गेला, कुटुंबाला देश सोडावा लागला. पण मग तिथल्या गरीब बायकांनी अननस, कांदे विकून त्यांच्या परतीच्या तिकिटासाठी पैसे जमवले आणि जानेवारी 2013 मध्ये ते परतले. रुग्णांच्या हिताचं काय, असं तुम्ही विचारलंत. ज्यांचं हित, त्यांनीच त्यांना परत बोलावलं.

निवडणुकीबाबत मात्र मी तुमच्याच बाजूची आहे. त्यांना एक टक्काही मतं पडली नाहीत, पण माझी तक्रार मतांची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या अहवालात काँगोत 1993 ते 2003 मध्ये झालेल्या मानवी हक्कभंगाच्या 617 गंभीर घटना नोंदवल्या आहेत, आणि त्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय स्थापन करा, असं मुक्वेगे वर्षानुवर्षं सांगत आहेत. उमेदवारी अर्ज भरल्यावर हीच मागणी विरोधकांना प्रचार म्हणून उडवून लावता येते. ती संधी त्यांनी द्यायला नको होती.