'बघते' म्हणजे नक्की काय बघते?

इंटर्नशिपसाठी एचआरला मेसेज टाकला की उत्तर ठरलेलं: 'रेझ्युमे पाठव, बघते.' पाठवला. निळ्या टिका आल्या, मग पंधरा दिवस शुकशुकाट. परवा अचानक फोन, 'उद्या १० वाजता ऐरोलीला ये.' लेक्चर बुडवलं, बाबांचा शर्ट चढवला (बाह्या दोन बोटं लांब) आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली. गेटपाससाठी पाऊण तास ताटकळलो. वर मॅडम विचारतात, 'अनुभव किती?' अहो, तिसऱ्या वर्षाला आहे मी! अनुभव असता तर इंटर्नशिप मागायला कशाला आलो असतो? शिवाय 'स्टायपेंड नाही हं, सर्टिफिकेट देऊ.' म्हणजे लोकलच्या पासाचे पैसेही घरूनच! ही तिसरी कंपनी. तिन्हीकडे 'कळवतो'. तरी लेक्चरमध्येसुद्धा फोन सायलेंटवर टाकायचा धीर होत नाही.