घडीच्या (दाबून छोटी करता येते अशा) बाटलीबद्दलचा तो मेसेज मावशीपर्यंत पोचला म्हणून लिहितेय

रविवारी पाचपाखाडीला मावशीकडे गेले तर ओट्यावर विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली आणि आत वाफाळतं पाणी. बाटलीची कंबर आत गेलेली, बूड फुगून गोल झालेलं, धड उभी राहत नव्हती म्हणून मावशीने ती साखरेच्या डब्याला टेकवून ठेवली होती. मी दिलेली सिलिकॉनची घडीची बाटली कुठाय विचारलं तर म्हणाली, "अगं ती भंगाराच्या पिशवीत टाकली, त्याने कॅन्सर होतो म्हणे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय."

तो मेसेज गेले दोन आठवडे सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असं: घडीच्या बाटल्या वापरू नका, सिलिकॉन म्हणजे प्लास्टिकच, त्यात बीपीए (बिस्फेनॉल ए, काही प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन) असतं, कॅन्सर होतो. घडीत जंतू साठतात. त्यापेक्षा विकतच्या पाण्याची बाटली फूड ग्रेड असते, ती धुऊन कितीही वेळा भरा, गरम पाणीसुद्धा चालतं. ती रिसायकल होते, सिलिकॉन होत नाही. आणि हा सगळा परदेशी कंपन्यांचा डाव.

आधी ते गरम पाण्याचं, कारण बाकीचं काहीही असलं तरी एवढ्याने लगेच नुकसान होतंय. विकतच्या पाण्याची बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची असते, बुडाला त्रिकोणात 1 आकडा दिसेल. हे प्लास्टिक साधारण 70-75 डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. गॅसवरून उतरवलेलं पाणी त्याहून गरम असतं, मावशीची बाटली वाकडी झाली ती म्हणूनच. पेट बनवताना अँटिमनी नावाच्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात, गार पाण्यात ते अगदी नगण्य उतरतं, पण तापमान वाढलं की उतरण्याचं प्रमाण वाढत जातं. ती बाटली एकदा गार पाणी भरून विकण्यासाठी बनवलेली आहे हो, रोज सकाळी वाफाळतं पाणी ओतायला नाही! मावशीला घशाचा त्रास आहे म्हणून ती दिवसभर गरम पाणी पिते, म्हणजे काळजी घ्यायची म्हणून नेमकं नको तेच चाललेलं.

आणि गार पाण्याचं म्हणाल तर जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आलाय, पीएनएएस या जर्नलमध्ये. तिथल्या तीन ब्रँडचं बाटलीबंद पाणी तपासलं तर एका लिटरमध्ये सरासरी 2 लाख 40 हजार प्लास्टिकचे कण, त्यातले 90 टक्के नॅनो, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. खरं सांगायचं तर ते सगळे बाटलीतूनच आले नव्हते, पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमधल्या नायलॉनसारख्या प्लास्टिकचेही होते. पण पेटचे कणही सापडले आणि बाटली दाबली, तापली की ते सुटत असावेत असं त्याच संशोधकांचं म्हणणं आहे. या कणांनी शरीरात नक्की काय होतं ते अजून शोधतायत. मग तीच बाटली दोन-दोन महिने चेपत, तापवत भरत राहायचा सल्ला कुठल्या आधारावर देताय?

आता सिलिकॉन. हे कारखान्यात बनतं, निसर्गातून येत नाही, एवढं मान्य. पण पेटचा कणा कार्बनचा असतो आणि याचा कणा वाळूत असतं त्या सिलिकॉन मूलद्रव्याचा आणि ऑक्सिजनचा, म्हणून ते उष्णतेला टिकतं. केकचे मोल्ड त्याचेच असतात आणि ते ओव्हनमध्ये 180 डिग्रीला जातात, बाळाच्या दुधाच्या बाटलीचं निप्पलही बऱ्याचदा त्याचंच असतं. बीपीए सिलिकॉनमध्ये नसतं, ते पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकमध्ये असतं, ज्याचे ऑफिसातले कडक वीस लिटरचे बरेचसे जार बनतात. (पेटमध्येही बीपीए नसतं, तो आरोप मी तिच्यावर करणार नाही.)

अर्धं खरं काय, तर स्वस्त सिलिकॉनमध्ये भेसळ असू शकते आणि कारखान्यात नीट भाजून न घेतलेल्या मालातून थोडे अवशेष उतरू शकतात. शिवाय घडीच्या सगळ्या बाटल्या सिलिकॉनच्या नसतातच, काही साध्या मऊ प्लास्टिकच्या असतात, त्यात गरम पाणी घालूच नका. विकत घेताना रबराचा उग्र वास आला तर ठेवून द्या. पिळून पांढरी रेघ उमटते का (उमटली तर भेसळ, असं म्हणतात) तेही बघतात लोक, ती काही लॅबची टेस्ट नाही पण बघायला हरकत नाही.

जंतूंचं म्हणाल तर न धुतलेल्या कुठल्याही बाटलीत होतात. पण घडीची बाटली उलटी करून घासता येते, पातेल्यात उकळता येते. विकतच्या बाटलीच्या त्या अरुंद तोंडातून मावशीचा ब्रश तरी जातो का? आणि उकळायची म्हटलं तर काय होतं ते वर सांगितलंच.

रिसायकलचं: हो, सिलिकॉन भंगारवाला घेत नाही, हे खरंच आहे. पण बाटली रिसायकल होते म्हणजे आपण टाकलेली प्रत्येक होते असं नाही. मी ऐरोलीला राहते, ओहोटीला खाडीच्या कडेला जाऊन बघा, तिवरांच्या मुळांमध्ये काय अडकलेलं असतं. हीच ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेली, फ्लेमिंगो येतात तिथे. ज्या बाटल्या खरंच रिसायकल होतात त्यांचाही बराचसा पॉलिस्टरचा धागा होतो, पुन्हा बाटली नाही.

परदेशी डावावर वेळ घालवत नाही. ज्यांना घडीची नको त्यांनी खुशाल स्टीलची घ्या. मावशीकडे होती स्टीलची, पण ठाणे-वाशी लोकलचा जिना चढताना ती भरलेली बाटली खांद्याला जड होते आणि गुडघे दुखतात, म्हणून तर ही घेतली होती, पाणी संपलं की दाबून पर्समध्ये.

भंगाराची पिशवी अजून गेली नव्हती. बाटली काढली, उकळली, वास घेतला, ठीक होती. घरात पिण्यासाठी गरम पाण्याला थर्मास काढून दिला. मावशीने तिथेच ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला आणि संध्याकाळी तिचा फोन, मंडळातल्या अजून दोघी त्या मेसेजनंतर विकतच्या बाटलीतच सकाळचं गरम पाणी भरत होत्या.