तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: फोन आम्ही १० वाजून ५ मिनिटांनी केला होता

मॅडम, झालं ते वाईट झालं आणि तुमचे पैसे गेले याचं खरंच वाईट वाटतं, त्याबद्दल सॉरी. पण तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की "अँटीव्हायरस यांच्याकडून घेतला, रिन्यूअलचा मेल आला तेव्हा यांनी फोनच उचलला नाही म्हणून मला मेलमधल्या नंबरवर फोन करावा लागला", ते वाचून रात्रभर झोप नाही लागली.

कॉल लॉग समोर ठेवून लिहितोय. तुमचा मिस्ड कॉल रविवारी रात्री ९:५२ चा, एकच रिंग. आम्ही ८ ला बंद करतो, रविवारी तर उघडतच नाही, तरी मी जेवणावरून उठून १०:०५ ला परत फोन केला. एंगेज. १०:२० ला परत केला, परत एंगेज. कारण तेव्हा तुम्ही तो खोटा मेल पाठवणाऱ्या भामट्यांशीच बोलत होतात! १३ मिनिटं थांबला असतात तर एवढंच म्हटलं असतं की तो मेल डिलीट करा आणि झोपा.

मेल मी नंतर तुमच्याच मशीनवर पाहिला. तो ज्या कंपनीच्या नावाने आला होता त्यांचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे कधी नव्हतंच, आम्ही दुसऱ्याच कंपनीचं इन्स्टॉल करून दिलंय. नाव मोठ्या कंपनीचं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता साधा जीमेलचा, त्या नावावर क्लिक केलं की दिसतो. तुमचं नाव कुठेच नाही, नुसतं "प्रिय ग्राहक". यावरूनच कळतं की आमच्याकडून तुमचा ईमेल फुटला हा आरोप किती खरा आहे ते, आमच्याकडून गेला असता तर नाव पण गेलं असतं ना. असे मेल एकदम हजारो लोकांना जातात, त्यातल्या कोणाकडे तरी ते सॉफ्टवेअर असतंच.

तुम्ही म्हणता लिंक नव्हती म्हणून खरा वाटला. अहो लिंक मुद्दामच ठेवत नाहीत! लिंक असली की स्पॅम फिल्टर पकडू शकतो, म्हणून बिलासारखी पीडीएफ जोडतात आणि त्यात फक्त फोन नंबर, "पैसे २४ तासांत कट होतील, कॅन्सल करायचं तर फोन करा". माणूस घाबरून स्वतःच फोन करतो. मग रिमोटचं ॲप (त्याने त्यांना लांबून तुमचं मशीन चालवता येतं) टाकायला लावतात, बँकेचं पेज उघडायला लावतात, आणि रिफंड चुकून जास्त आला, वरचे परत करा म्हणून रडतात. स्क्रीनवर तो जास्तीचा आकडा त्यांनीच ब्राउझरमध्ये बदललेला असतो, खात्यात काही आलेलं नसतं. तुमच्याबरोबर हेच झालं. (कधीकधी खऱ्या पेमेंट कंपनीच्या सिस्टीममधूनच खोटं इन्व्हॉइस पाठवतात, तेव्हा पत्ता पण बरोबर दिसतो, म्हणून नुसत्या पत्त्यावर पण जाऊ नका.) मेलमधला नंबर, लिंक काही वापरायचं नाही. रिन्यूअल आहे की नाही ते सॉफ्टवेअर उघडून त्याच्या अकाउंटमध्ये बघायचं, पैशाचं बँकेच्या ॲपमध्ये. हे मी इन्स्टॉल करताना सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा फोनवर होतात, असो.

मशीन दोन दिवस ठेवून घेतलं असंही लिहिलंय. रिमोटचं ॲप काढलं, त्यांनी आणखी काय टाकून ठेवलंय ते शोधलं, मग सगळं स्कॅन, याला वेळ लागतो. तोपर्यंत पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि कार्डमागच्या नंबरवर बँकेला फोन करा असं मी सोमवारी सकाळी सांगितलं होतं, ते रिव्ह्यूत आलं नाही.

इतकी वर्षं लोकांच्या विश्वासावर धंदा करतोय, नवीन माणूस आधी स्टारच बघतो. यापुढे बिलावर रिन्यूअलची तारीख मोठ्या अक्षरात लिहू, रविवारच्या फोनचं पण काहीतरी बघतो.

मशीन तयार आहे, कधीही घेऊन जा, या कामाचं बिल लावलेलं नाही. आणि तुमच्या खऱ्या अँटीव्हायरसचे अजून २१४ दिवस शिल्लक आहेत, उघडून बघा.