मागची पंगत उभी आहे

चार दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. थोडं लांब होईल.

गेल्या महिन्यात ओळखीतलं एक कुटुंब टोकियो फिरायला आलं होतं, पाच जण, माणसं खरंच चांगली आहेत. त्यांना 'ते छोटंसं फेमस रामेनचं दुकान' बघायचं होतं, रील्समधे पाहिलेलं. रामेन म्हणजे गरम सूपातल्या नूडल्स. मी घेऊन गेले एका ठिकाणी, दुकानाचं नाव लिहीत नाही, आठ खुर्च्या आणि बाहेर पंधरा-वीस माणसं लाइनीत. आमचा नंबर आला तेव्हा दोनच खुर्च्या मोकळ्या होत्या, तर आम्हाला सगळ्यांना शेजारी शेजारीच बसायचंय म्हणून यांनी त्या रिकाम्या ठेवल्या. मग पाच जणांत तीन बोल, म्हणजे रामेनचे वाडगे, मागवू म्हणाले, त्यावर आतल्या मुलीने हात जोडून सांगितलं की बसणाऱ्या प्रत्येकाचा एक बोल घ्यावा लागतो, भिंतीवर तसं इंग्रजीत लिहिलेलंही होतं. बोल समोर आल्यावर सहा-सात मिनिटं व्हिडिओ, वरून, बाजूने, नूडल्स उचलून परत सोडून. खाऊन झाल्यावर तिथेच उद्याच्या क्योतोच्या प्लॅनिंगला बसले. शेवटी ती मुलगी परत आली आणि बाहेर लोक थांबलेत असं अगदी हळू आवाजात म्हणाली. झालं. रात्री हॉटेलवरून एक स्टार देऊन रिव्ह्यू लिहिला, की पैसे देऊन अपमान करून घ्यायचा असेल तर इथे या.

मला त्या रात्री झोप लागली नाही हो. कारण त्या मुलीच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

आमची कराडला एसटी स्टँडच्या मागे खानावळ होती. बाबांनी 2009 पर्यंत चालवली. एका वेळी चोवीस पानं बसायची, आणि दुपारी बारा ते अडीच या वेळात जेवढी पानं उठतील तेवढीच त्या दिवसाची कमाई. कंडक्टर, ड्रायव्हर, कॉलेजची पोरं, तालुक्याहून कोर्टाच्या कामाला आलेली माणसं दारात उभी असायची आणि आत कोणीतरी हात वाळवत, बडीशेप चघळत बसलेलं असायचं. बाबा कधी कोणाला उठ म्हणाले नाहीत. मला पाठवायचे पाणी विचारायला. मी आठवीत होते, पण बाबांनी पाणी विचारायला पाठवलं म्हणजे काय ते मला कळायचं.

तर हेच बाबा नोव्हेंबर 2018 मधे माझ्याकडे टोकियोत निशी-कासाईला महिनाभर राहायला आले. मी त्यांना ओत्सुकाच्या नाकिर्यूला नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाकिर्यू म्हणजे मिशेलिन या मानाच्या रेस्टॉरंट-गाइडचा स्टार मिळालेलं जगातलं दुसरं रामेनचं दुकान, 2017 च्या गाइडमधे मिळाला. पहिलं सुगामोचं त्सुता, ते त्याच्या आदल्या वर्षीचं. आणि ही दोन्ही दुकानं यामानोते लाइनवरच्या दोन लागून असलेल्या स्टेशनांजवळ, बोला! ओत्सुका स्टेशनवर उतरलं की समोरून जुनी तोदेन आराकावा ट्रॅम जाते, बाबा आधी तीच बघत उभे राहिले. आम्ही दहालाच लाइनीत लागलो, दुकान उघडतं साडेअकराला, आणि खुर्ची मिळाली तेव्हा बारा वाजून गेले होते. आत काउंटरला दहाच खुर्च्या. दाराशी कुपनाचं मशीन, शोक्केनकी म्हणतात, त्यात पैसे टाकायचे, बटण दाबायचं, निघालेलं कुपन काउंटरवर ठेवायचं. बाबांना ते मशीन प्रचंड आवडलं. म्हणाले, स्वयंपाक करणाऱ्याने नोटेला हात लावायचा नाही, गल्ल्यावर वेगळा माणूस नको आणि उधारी तर नाहीच नाही, आम्हाला हे असतं तर!

तिथली खासियत तानतानमेन. मूळ पदार्थ चीनच्या सिचुआनचा, खांद्यावर कावड घेऊन फिरणारे लोक विकायचे आणि त्या कावडीवरूनच नाव पडलं. तो तिकडे कोरडाच असतो, जपानमधे चेन केनमिन नावाच्या सिचुआनी शेफनी त्याला सूप घालून इकडच्या जिभेचा केला. बोल समोर आला आणि बाबा वाकून बघत म्हणाले, अगं ही तर तर्री आहे. खरंच तर्री. लालभडक तेलाचा तवंग, खाली तिळाचं दाट वाटण, खिमा, आणि पाठीमागून व्हिनेगरचा आंबटपणा. तीळ जिभेला आधी कळतो, तिखट नंतर येतं आणि घशात उतरताना आंबट. मी तिखट खाणारी मुलगी आहे पण या बोलात तिखट कधी तिळाच्या पुढे गेलं नाही, ते मागेच चालत राहिलं. आणि नूडल्स बारीक, सरळ, दाताखाली तुटतात तेव्हा कळतं की तुटल्या.

बाबांनी आजूबाजूला बघितलं, सगळे भुरके मारत होते, मोठ्याने. जन्मभर आईने त्यांना आमटीचा भुरका मारला की टोकलंय. इथे त्यांनी मनसोक्त मारला. गरम नूडल तोंडात जाता जाता हवेने थोडी निवते आणि वास नाकात जातो, म्हणून सगळा जपान असाच खातो. आमचं दोघांचं खाणं बारा-तेरा मिनिटांत आटपलं. मी पाणी पीत होते तर बाबांनी कोपराने ढोसलं, म्हणाले, ऊठ, मागची पंगत उभी आहे.

मला आज एवढंच सांगायचंय. ते रेस्टॉरंट नाहीये, ती पंगत आहे. लग्नात आपल्या खुर्चीच्या मागे माणूस येऊन उभा राहिला की आपण मठ्ठा संपवून उठतोच ना? तिथे कोणी म्हणत नाही की माझा अपमान झाला.

बाहेर आल्यावर बाबांनी हिशोबच मांडला. दहा खुर्च्या, पंधरा-वीस मिनिटांत एक माणूस उठतो, म्हणजे तासाला तीस-चाळीस पानं. बोलची किंमत तेव्हा साडेआठशे येन, आपले साधारण साडेपाचशे रुपये. आधी बाबांना ते महाग वाटलं होतं, आत बसून आल्यावर म्हणाले, स्वस्त आहे, एवढ्यात याला परवडतं कसं? आता धरा की चार माणसं तासभर बसून राहिली. बारा पानं गेली. त्यातून भाडं, गॅस, पहाटेपासून सूपाशी उभ्या असलेल्या माणसांचा पगार, सगळंच गेलं. आणि सूप काही जादा करता येत नाही, पातेल्यात जेवढं आहे तेवढंच. संपलं की बाहेर पाटी लावून दुकान बंद.

शिवाय रामेन थांबून राहत नाही. पिठात कानसुई घालतात, म्हणजे एक क्षार, आपल्या पापडखाराच्या जातीतला. त्याने नूडलला पिवळसर रंग आणि तो चिवट लवचिकपणा येतो. पण गरम सूपात पडल्यापासून ती पाणी पीतच राहते. जपानीत याला नूडल 'नोबिरु' म्हणतात, म्हणजे लांबली, ताणली गेली. आतल्या माणसाने सेकंद मोजून ती बाहेर काढलेली असते आणि आपण समोर ठेवून तिचे फोटो काढत बसतो. फुकुओकाला तर यावर एक वेगळी पद्धतच उभी राहिलीय. नागाहामाच्या मासळी बाजारातल्या लोकांना घाई असायची म्हणून नूडल अगदी बारीक केली, पटकन शिजावी म्हणून, पण बारीक नूडल पटकन फुगतेही, मग आधी थोडीच द्यायची आणि उरलेल्या सूपात हवी तर दुसरी ताजी घालून द्यायची. त्याला काएदामा म्हणतात. खाणाऱ्याची घाई ओळखून केलेली सोय आहे ती, त्यात उद्धटपणा कुठे आला?

आणि लाइन फक्त दुकानाची नसते, गल्लीची असते. त्सुताला स्टार मिळाल्यावर एवढी गर्दी व्हायला लागली की शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सकाळी रंगीत कुपनं वाटायला लागले, हजार येन डिपॉझिट घेऊन, जेवायला आलात की परत. नऊ खुर्च्यांचं दुकान होतं ते. 2019 च्या शेवटी ते टोकियोतच योयोगी-उएहाराला हललं. युकी ओनिशी, ज्यांनी ते उभं केलं, ते सप्टेंबर 2022 मधे वारले, वय फक्त 43. मी त्यांना कधी भेटले नाही, एकदाच खाल्लंय त्यांच्या हातचं शोयु सोबा, म्हणजे सोया सॉसचं रामेन, पण बातमी वाचून ऑफिसमधे रडले होते.

पैशाचंही सांगते, कारण रिव्ह्यूमधे 'एवढे पैसे देऊन' असं होतं. जपानमधे 'हजार येनची भिंत' असा शब्दच आहे. रामेनला हजाराच्या वर कोणी देणार नाही ही भीती दुकानदारांच्या मनात वर्षानुवर्षं बसलेली आहे. पीठ, डुक्कर, कोंबडी, गॅस सगळं वाढलं तरी किंमत वाढवताना त्यांचा हात थरथरतो. तेइकोकु डेटाबँक या धंद्यांची माहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या मोजणीत 2024 मधे 72 रामेन धंद्यांनी दिवाळं काढलं, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. त्याच वर्षी जुलैमधे नव्या नोटा आल्या, म्हणजे ते कुपनाचं मशीन एकतर दुरुस्त करा नाहीतर नवीन घ्या, छोट्या दुकानाला तो लाखो येनचा फटका. अशा माणसाने आठ खुर्च्या सांभाळल्या तर तो माजलाय असं म्हणायचं?

गप्पाच मारायच्या असतील तर टोकियोत जागा कमी नाहीत. फॅमिली रेस्टॉरंटमधे ड्रिंक बार घ्या, म्हणजे एकदा पैसे देऊन हवी तेवढी पेयं, आणि निवांत बसा, पोरांना घेऊन बसा, सहसा कोणी विचारत नाही. संध्याकाळी इझाकायात, म्हणजे इकडच्या पबमधे, बसा. शाकाहारी असाल तर टोकियो स्टेशनमधे तिकीट गेटच्या आत टीज तानतान आहे, तिथे अंडं-मांस-मासळी काहीच नसतं आणि तिळाचं तानतानमेन उत्तम मिळतं, माझ्या सासूबाई प्रत्येक खेपेला खातात. पण छोट्या दुकानात जाताना जोडीने जा, वेगळं बसायला लागलं तर बसा, फोटो एकच काढा, आणि उठताना बोल समोरच्या उंच कट्ट्यावर ठेवून खालची जागा तिथल्या फडक्याने पुसा. आणि 'गोचिसोसामा' म्हणा. बाबांनी याचा अर्थ विचारला होता. त्यातल्या 'चिसो'ची अक्षरं धावपळ या अर्थाची आहेत, पाहुण्यासाठी जमवाजमव करत पळणं. त्यांनी ऐकलं, परत दारात गेले आणि आत बघून मराठीतच मोठ्याने म्हणाले, अन्नदाता सुखी भव. आतल्या तिघांनी मान वर करून 'आरिगातो गोझाइमास' म्हटलं.

त्या कुटुंबाला मी हे फोनवर सांगितलं, शांतपणे. त्या घरातल्या ताई रागावल्यात अजून, पण त्यांच्या धाकट्या मुलाने मला मेसेज केला की काकू, रिव्ह्यू मी काढायला लावलाय.

दिवाळीत भाचे येतायत. दोघे दोघे करून पाठवणार आहे. काही दुकानांतली मशीनं अजून नव्या नोटा घेत नाहीत, म्हणून हजाराच्या जुन्या नोटा साठवतेय, चहाच्या रिकाम्या डब्यात आत्तापर्यंत अकरा झाल्यात.