सापडले तर आणू, हे काही धोरण नव्हे

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस लाहौल-स्पितीतल्या ढाका हिमनदीवर चार जवानांचे मृतदेह मिळाले, तेव्हा दोन-तीन दिवस सगळीकडे तेच चाललं होतं. ५६ वर्षांनी घरवापसी, तिरंग्यात लपेटलेली पेटी, गावकऱ्यांची गर्दी. मग दुसरी बातमी आली आणि विषय मागे पडला. बर्फात अजून किती जण आहेत, हा प्रश्न कुणाला पडल्याचं निदान मला तरी दिसलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी थोडक्यात काय झालं ते. ७ फेब्रुवारी १९६८ ला हवाई दलाचं एएन-१२ विमान चंडीगडहून लेहकडे निघालं. आत १०२ जण होते, बहुतेक सगळे रजा संपवून किंवा बदलीवर निघालेले जवान. हवा बिघडली म्हणून वैमानिकाने विमान माघारी वळवलं आणि रोहतांगच्या परिसरात संपर्क तुटला. पुढे ३५ वर्षं काहीच पत्ता नाही. २००३ मध्ये मनालीच्या पर्वतारोहण संस्थेच्या लोकांना अवशेष दिसले, तेव्हा कुठे विमान नेमकं कुठे पडलं ते कळलं. मग लष्कराच्या मोहिमा निघाल्या. २०१८ मध्ये तर चंद्रभागा-१३ शिखराच्या वाटेवरचा कचरा गोळा करायला गेलेल्या गिर्यारोहकांना एक मृतदेह दिसला. २०१९ पर्यंत पाच मिळाले, २०२४ चे चार धरून नऊ.

१०२ पैकी नऊ. उरलेले ९३ अजून तिथेच आहेत.

त्या मोहिमांवर गेलेल्यांना नावं ठेवायचा प्रश्नच येत नाही. सोळा-सतरा हजार फुटांवर, वर्षातले मोजके आठवडे जिथे पाय ठेवता येतो, तिथे बर्फाची भेग चुकवत माणूस शोधणं काय असतं हे खाली बसून कळायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे अवशेष शोधण्यापेक्षा ते 'सापडतात' जास्त. कधी हिमनदी वितळते, कधी मेंढपाळाला दिसतात, कधी कचरा वेचणाऱ्यांना. युनिटला जमलं तर मोहीम निघते, वरिष्ठ बदलले की फाइल बाजूला पडते. बेपत्ता सैनिकांचा शोध एवढंच काम असलेलं, स्वतःचं बजेट, स्वतःचे शास्त्रज्ञ आणि स्वतःची यादी असलेलं कायमस्वरूपी खातं आपल्याकडे नाही. ते असायला हवं. या पोस्टमध्ये मला एवढंच म्हणायचं आहे, बाकी सगळं त्याच्या पुष्टीसाठी.

लान्स नाईक चंद्रशेखर हर्बोला आठवत असतील. १९ कुमाऊं पलटणीचे. मे १९८४ मध्ये, सियाचिन ताब्यात घेण्याच्या ऑपरेशन मेघदूतच्या सुरुवातीच्याच दिवसांत, सियाचिनवर गस्तीला निघालेल्या तुकडीवर हिमस्खलन झालं आणि ते गेले. मृतदेह मिळाला ऑगस्ट २०२२ मध्ये, एका जुन्या बंकरपाशी. ओळख पटली ती आर्मी नंबर कोरलेल्या धातूच्या ओळखपट्टीवरून. ३८ वर्षं बर्फात राहूनही नंबर वाचता येत होता. घरी पत्नी वाट बघत होती, मुली मोठ्या होऊन संसाराला लागल्या होत्या.

ही ओळखपट्टी म्हणजे सैनिकाच्या अंगावरची सगळ्यात स्वस्त वस्तू असेल. पण १९४९ च्या जिनिव्हा करारात तिच्यासाठी वेगळी तरतूद आहे. पट्टी जोड असेल तर अर्धी देहाबरोबर ठेवायची, एकेरी असेल तर अख्खी देहाबरोबरच. त्याच करारात असंही आहे की लढाईनंतर मृतांचा शोध घ्या, त्यांची लूट होऊ देऊ नका, शक्यतो प्रत्येकाला स्वतंत्र आणि सन्मानाने निरोप द्या, जागेवर खूण ठेवा. आणि हे शत्रूच्या सैनिकालाही लागू आहे.

ते आपण पाळलंही आहे, आणि ते सांगायला मला अभिमान वाटतो. कारगिलमध्ये पाकिस्तानने सुरुवातीला आपलीच माणसं ओळखायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या कित्येक सैनिकांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. टायगर हिलवर पडलेल्या पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे त्यांचं नावच) यांचा देह परत करताना ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवांनी त्यांच्या खिशात चिठ्ठी ठेवली होती, हा अधिकारी शौर्याने लढला अशी. पुढे पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हे आपलं सर्वोच्च शौर्यपदक दिलं. त्याच युद्धात कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे देह आपल्याला कोणत्या अवस्थेत परत मिळाले तेही सगळ्यांना ठाऊक आहे. हे माहीत असूनही चिठ्ठी लिहिली गेली, म्हणून तिचं मोल मला जास्त वाटतं.

अवशेष शोधण्याचा आणखी एक उपयोग आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ते पुरावा असतात. चीनच्या युद्धातली लडाखमधली रेझांग ला खिंड घ्या. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग. १२० पैकी ११४ जण तिथे पडले. जे थोडे जिवंत परतले त्यांनी सांगितलेली हकिगत सुरुवातीला लोकांना खरीच वाटेना. शेवटच्या माणसापर्यंत, शेवटच्या गोळीपर्यंत असं कुठे कुणी लढतं का, असा सूर होता. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९६३ मध्ये, एका लडाखी मेंढपाळाला ती जागा दिसली आणि मग पथक वर गेलं. जवान आपापल्या मोर्चात गोठलेले होते, कित्येकांच्या हातात हत्यार तसंच. वैद्यकीय मदतनीसाच्या हातात सिरिंज होती. वाचलेल्यांचा शब्द न् शब्द खरा ठरला. तो मेंढपाळ त्या बाजूला गेला नसता तर? परतलेल्या त्या मूठभर माणसांनी उरलेलं आयुष्य संशयाखाली काढलं असतं. असला न्याय योगायोगावर सोडायचा का?

आता अमेरिकेकडे बघू. तिथे डीपीएए नावाची संस्था आहे, तिचं काम एवढंच: बेपत्ता सैनिक शोधणं, ओळख पटवणं, घरी पोचवणं. यादीत अजून ८१ हजारांच्या वर नावं आहेत, त्यातली बहुसंख्य दुसऱ्या महायुद्धातली. त्यांची पद्धत मला फार आवडली. हाड मिळालं की आधी दात, उंची, जुने दुखापतींचे व्रण. भरतीच्या वेळी क्षयरोग तपासायला छातीचे एक्स-रे काढलेले असत, त्यात गळपट्टीचं हाड दिसतं. आज मिळालेलं गळपट्टीचं हाड त्या सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या एक्स-रेवर ताडून बघतात! मग डीएनए. पर्ल हार्बरला बुडालेल्या 'ओक्लाहोमा' नौकेवरच्या ३८८ अनोळखी खलाशांना २०१५ मध्ये कबरींतून बाहेर काढायला सुरुवात झाली आणि सहा वर्षांत त्यातल्या बहुतेकांना नाव मिळालं. पैसा त्यांच्याकडे आहे, मान्य. व्हिएतनामनंतर तिथे या विषयाचं राजकारणही भरपूर झालं, तेही मान्य.

पण खरी गंमत पुढे आहे. महायुद्धात आसाममधून चीनकडे रसद नेणारी त्यांची विमानं आपल्या अरुणाचलच्या डोंगरांत पडली. ती माणसं शोधायला त्यांची पथकं आपल्याकडे येतात, २०१६ मध्ये काही अवशेष दिल्लीहून मानवंदना देऊन मायदेशी पाठवले गेले. २०२१ मध्ये या संस्थेने गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाशी करारही केला. म्हणजे आपलं विद्यापीठ, आपले शास्त्रज्ञ, आपले डोंगर, आणि शोध परदेशी वैमानिकांचा. चांगलं काम आहे, जरूर करावं. पण तीच प्रयोगशाळा, तीच माणसं ढाका हिमनदीसाठी, सियाचिनसाठी, १९६२ च्या नेफासाठी (म्हणजे आजच्या अरुणाचलसाठी) कायमची कामाला लावायला आपल्याला कुणी अडवलंय?

यात घाई का, तेही सांगतो. बर्फातला देह चांगला राहिला तर ओळख पटवणं तुलनेने सोपं. २०२४ मध्ये तर काहींची ओळख अंगावरच्या कागदपत्रांवरून पटली. पण नुसती जुनी हाडं हाती आली तर बऱ्याचदा मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर भिस्त ठेवावी लागते, कारण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात आणि त्यातल्या काही टिकतात. हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे शहीद जवानाच्या मुलाचा नमुना इथे चालत नाही, मुलात त्याच्या स्वतःच्या आईचा डीएनए असतो. लागतात ते भाऊ, बहीण, बहिणीची मुलं, मावशीची मुलं. १९६८ मध्ये बाविशीत असलेल्या जवानाची भावंडं आज कितीची असतील, हिशोब करा. २०२४ मध्ये एका जवानाला अग्नी द्यायला नातवंडं होती, पत्नी आणि मुलगा दोघंही आधीच गेले होते. या म्हाताऱ्या बहिणींच्या गालाच्या आतून कापसाची एक काडी फिरवून ठेवायची, एवढंच काम आहे. शोधमोहीम दहा वर्षांनी निघाली तरी चालेल, ही काडी आजच फिरवायला हवी.

"मेलेल्यांसाठी जिवंत जवानांचा जीव का धोक्यात घालायचा?" हा प्रश्न नक्की येणार, आणि तो चुकीचा नाही. माझ्या मते एकाही मोहिमेत एकही जीव जाता कामा नये, आणि म्हणूनच हे काम जोशावर सोडायचं नसतं. कायमची यंत्रणा असली की थांबता येतं. यंदा हवा वाईट आहे, पुढच्या वर्षी बघू, हे ज्याची नोंद पक्की आहे त्यालाच परवडतं. आणि काही ठिकाणी न शोधणं हाच सन्मान. ९ डिसेंबर १९७१ ला 'आयएनएस खुकरी' दीवच्या समुद्रात बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ती तिथेच आहे आणि तिथेच राहावी, दीवला स्मारक आहे. त्याच युद्धात बुडालेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी २०२४ मध्ये विशाखापट्टणमजवळ आपल्या नौदलाला सापडली तेव्हा तिलाही हात लावला नाही. पण हे ठरवून घेतलेले निर्णय आहेत. विसर पडला म्हणून राहून गेलेलं आणि विचार करून राहू दिलेलं, यात फार फरक असतो.

सन्मानाबद्दलही एक राग आहे, तो काढून टाकतो. पार्थिव गावात आलं की चौकाचौकात बॅनर लागतात, आणि बॅनरवर जवानाच्या फोटोपेक्षा नेत्यांचे फोटो मोठे. चितेभोवती मोबाइल वर धरलेले हात. वीरपत्नीच्या तोंडासमोर माइक. कारगिलच्या आधी बहुतेक जवानांवर आघाडीवरच अंत्यसंस्कार होत, घरी यायच्या त्या अस्थी आणि ट्रंक. कारगिलपासून पेट्या घरी येऊ लागल्या, ते फार चांगलं झालं. पण सोहळा वाढला तसं नोंदीचं काम वाढलं नाही.

नोंद म्हणजे काय, तर नाव. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्याकडे गावोगावी संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याच्या बाजूला आणि कोकणात अजून दिसतात. जवळ जाऊन वाचा, नाव एकाही माणसाचं नाही, नुसते आकडे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) सहाव्या पूना डिव्हिजनमधून लढलेल्या मराठा पलटणींचंही तेच झालं. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा फक्त आकडा. मरणात सगळे समान, हे तत्त्व सांगणाऱ्या, महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या वॉर ग्रेव्हज कमिशनने हा भेदभाव २०२१ च्या अहवालात कबूल केला, शंभर वर्षांनी. आपण इंग्रजांना बोल लावतो ते बरोबरच आहे, पण मग आपल्या यादीचं काय? व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगेंनाही ज्ञात कबर नाही, मात्र इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे आणि माणगावात पुतळा आहे. ज्यांना पदक नाही त्यांना निदान यादीत तरी जागा हवी, कुणालाही उघडून बघता येईल अशा यादीत: नाव, नंबर, पलटण, कुठे बेपत्ता, शोध शेवटचा कधी झाला, नातेवाइकांचा नमुना घेतला की नाही.

तुमच्या नात्यात कुणी ६२, ६५, ७१ मध्ये किंवा सियाचिनवर बेपत्ता झालं असेल तर एवढं करा. आर्मी नंबर, पलटण, तारीख आणि शेवटचं पत्र कुठून आलं होतं ते एका कागदावर लिहा. त्या जवानाच्या हयात असलेल्या भावंडांची नावं त्याखाली लिहा, त्याच्या आईच्या बाजूचे कोण कोण आहेत तेही. एक प्रत पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पोच घ्या. आजोबा-पणजोबा महायुद्धात गेले असतील तर वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. इंग्रज कारकुनाने स्पेलिंग काहीच्या काही केलेलं असतं, त्यामुळे एकदा नाही मिळालं तर आडनावाशिवाय, वडिलांच्या नावाने आणि गावाच्या नावाने शोधून बघा.