पिवळं पिल्लू कुठं गेलं?

ईस्टरच्या सुट्टीआधी आमच्या चिरंजीवांच्या वर्गात दहा अंडी आली. सोबत काचेची उबवणपेटी, पिल्लांसाठी दिव्याचा खोका, भुसा, खाद्य. इंग्लंडातल्या प्राथमिक शाळांत हे नवीन नाही. पैसे भरायचे, दहाएक दिवसांसाठी सगळा संच मागवायचा, मग पुरवठादार पिल्लांसकट तो घेऊन जातो. अंडी येतात तीच जवळजवळ पिकलेली. सोमवारी आली की बुधवारपर्यंत आतून चोच वाजायला लागते. २१ पैकी १९ दिवसांची वाट पाहणं दुसरीकडे कुठंतरी उरकलेलं असतं.

पोरगा भारावून गेला होता. घरी येऊन म्हणाला, "बाबा, पिवळी ती मुलं आणि तपकिरी त्या मुली!"

ही माहिती अगदी बरोबर आहे. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्यांची पैदासच अशी केलेली असते की पिल्लू बाहेर आलं की रंगावरून नर-मादी कळावी. हॅचरीला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या केंद्राला, ते का कळायला हवं असतं, हे मात्र वर्गात कुणी सांगितलं नाही. मादी अंडी घालणार म्हणून ठेवायची. नर अंडी देत नाही, ब्रॉयलरसारखं मांसही धरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मारायचा. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही.

वर्गातल्या पिल्लांचं पुढे काय होतं, असं मी बाईंना विचारलं. "शेतावर जातात," त्या हसून म्हणाल्या. त्यांचा दोष नाही, त्यांनाही एवढंच सांगितलेलं असणार. आरएसपीसीए ही इथली जुनी प्राणीकल्याण संस्था शाळांना असे प्रकल्प करू नका असंच सांगते. आणि ऑक्टोबर २०२४ पासून बर्ड फ्लूमुळे इंग्लंडात एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते, त्यामुळे "आम्ही नेतो की एक घरी" म्हणणारे पालकही आता विचार करतात.

मी पिल्लांचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या चुलतभावाने लगेच विचारलं, ही पेटी कुठं मिळते, आमच्या शाळेत सुचवतो. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा फोन आला. "भावजी, तुमच्याकडं अंडी फुटताना बघायला पैसे आहेत. आमच्याकडं पोरांना खायला घालायला नाहीत."

तिचा राग जुना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचे पैसे थांबले. द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं. ज्या गावात वर्गणी जत्रेलाच कशीबशी जमते तिथं लोकसहभाग म्हणजे काय, ते वहिनीला विचारा.

त्या वादात "अंड्यात जीव असतो" हे वाक्य फार ऐकलं. खरं तर उबवणपेटीचा उपयोग झाला तर इथंच होईल. दुकानातलं पोल्ट्रीचं अंडं तिच्यात ३७.५ अंशांवर २१ दिवस ठेवा, काही होणार नाही. लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या, पिंजऱ्यात कोंबडाच नसतो, तर अंडं फळणार कसं? जीव गेला तो आधीच, त्या कोंबडीच्या भावाचा, हॅचरीत. ताटातलं अंडं नको म्हणणारे त्याच्याबद्दल बोलत नाहीत आणि इथं पिल्लाला ओंजळीत घेऊन फोटो काढणारेही बोलत नाहीत. मला विचाराल तर मुलांना अंडं द्यावं, सरकारच्या पैशाने द्यावं, आणि मोठ्या वर्गात हा भावाचा हिशेबही सांगावा. पेटी भाड्याने आणायची गरज नाही.

आमच्या माणदेशात आजी खुडूक कोंबडीला पाटीत भुसा घालून रवणीला बसवायची. आठवड्याने एकेक अंडं कौलातून येणाऱ्या कवडशासमोर धरायची. आत लाल रेघा दिसल्या तर परत कोंबडीखाली. पिल्लं निघाली की घारीवर लक्ष ठेवायचं काम माझं. त्यातलाच एक तांबडा कोंबडा माझ्या मागे मागे फिरायचा. दिवाळीनंतर आत्याचे यजमान आले तेव्हा तो रश्श्यात गेला. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी शिळा रस्सा भाकरीबरोबर खाल्ला, आणि चांगला लागला हेही आठवतं. आजीने समजूत घातली नाही, पण "शेतावर गेला" असंही म्हणाली नाही.

भावाला मी पेटीचा पत्ता पाठवला नाही. वहिनीच्या शाळेमागं एक बाई कोंबड्या पाळतात, तिथं पोरांना घेऊन जा, एवढं कळवलं. तो नाराज आहे.

काल झोपताना पोराने विचारलं, "आपला पिवळा आता मोठा झाला असेल ना?" मी त्याला तांबड्या कोंबड्याची गोष्ट सांगायला घेतली. आत्याचे यजमान एसटीतून उतरले, तिथपर्यंत आलो आणि थांबलो.